टीआय-८४ प्लस सीई: अपडेटआधी आवृत्ती पाहा

टीआय-८४ प्लस सीई या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर असेंब्ली किंवा सी या भाषांतले प्रोग्रॅम चालवायचे असतील, तर त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटची घाई नको. 'सेकंड' (2nd) कळ, मग अधिक चिन्हाची कळ दाबा आणि 'अबाउट' उघडून आवृत्ती पाहा. २०२० मध्ये आलेल्या ५.५.१ पासून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने असे प्रोग्रॅम बंद केले. कॅल्क्युलेटरमधल्याच बेसिक भाषेतले प्रोग्रॅम मात्र चालतात. जुन्या आवृत्तीवर सहजी परतता येत नाही, म्हणून ही तपासणी आधीच हवी. कॅब्री ज्युनिअर या भूमितीच्या ॲपमधून चालणारे 'आर्टिफिस' हे हौशींचे साधन असेंब्ली आणि सी प्रोग्रॅमची वाट पुन्हा मोकळी करते. प्रोग्रॅम अडकला तर रॅम (तात्पुरती मेमरी) पुसली जाते, म्हणून महत्त्वाच्या फायली आधी आर्काइव्हमध्ये (टिकून राहणाऱ्या मेमरीत) टाका. फाइलच्या नावापुढे तारांकन (*) दिसले पाहिजे. २००९ मध्ये हौशींनी टीआय-८३ प्लस या जुन्या कॅल्क्युलेटरची ५१२ बिटांची सही-किल्ली (ऑपरेटिंग सिस्टिम कंपनीचीच आहे हे पटवणारी डिजिटल किल्ली) फोडली, तेव्हा कंपनीने कायदेशीर नोटिसा धाडल्या. स्वतःच्या यंत्रावर स्वतःचा कोड चालवणे हा हक्कच आहे.