गाडी दसऱ्याला आली, चार्जर मागून

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा घरात चर्चा झाली ती रंगाची, रेंजची आणि आईंच्या गुडघ्यांना सीट उंच पडेल का याची. चार्जरचा विषय शोरूममधल्या मुलाने एका वाक्यात संपवला. "मॅडम, चार्जर कंपनीकडून फ्री आहे, माणूस येऊन लावून जातो."

बंगलेवाल्यांसाठी हे वाक्य खरं असेल. आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. नव्वदच्या दशकातली इमारत, चोवीस फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंग आणि मीटर जिन्याखालच्या खोलीत. माझं पार्किंग त्या खोलीच्या बरोबर उलट्या टोकाला. त्यामुळे जूनमध्ये बुकिंगचे पैसे भरले आणि त्याच आठवड्यात गाडीचा विषय बाजूला ठेवून मी केबलच्या मागे लागले. वाट बघण्याचा माझा बहुतेक काळ केबलपायीच गेला, त्यामुळे इथेही जास्त जागा तीच खाणार आहे.

आधी गरज किती ते बघितलं. गाडीची बॅटरी ४५ किलोवॉट-अवरची, म्हणजे ४५ युनिट वीज मावेल एवढी. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणजे साधारण ३.३ किलोवॉटने, २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला बारा तास. भिंतीवरच्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर साडेपाच-सहा तास. खरं सांगायचं तर ऑफिसला जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात, त्याला सॉकेट रग्गड झाला. मोठा चार्जर हवा होता तो ठाण्याच्या लेकीसाठी. रविवारी रात्री उशिरा परतायचं आणि सोमवारी सकाळी पुन्हा पूर्ण भरलेली गाडी हवी, तर सॉकेट पुरत नाही. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे, त्यामुळे फेऱ्या वाढणार हेही दिसत होतं.

दुसरा प्रश्न मीटरचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. पण घरगुती वीज स्लॅबमध्ये मोजतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी महाग. महिन्याला हजार किलोमीटर आणि एका युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर धरले तर गाडीची दीडशे-पावणेदोनशे युनिटं होतात. ती घरच्या बिलात घातली की फ्रिज आणि गिझरसकट आम्ही वरच्या स्लॅबमध्ये. शिवाय ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो आणि सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपिअरची. चार्जर चालू असताना कोणी गिझर लावला की संपलं. म्हणून ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्यायचं ठरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्यात ग्राहकाला अशी वेगळी जोडणी मागता येते हे स्पष्ट लिहिलंय. महानगरात नवी जोडणी तीन दिवसांत द्यायची, असंही त्यात आहे. मात्र हे तीन दिवस अर्ज परिपूर्ण झाल्यापासून मोजायचे, आणि परिपूर्ण अर्जात सोसायटीची एनओसी लागते. खरी मेख तिथे आहे.

सोसायटीकडे जाण्याआधी मी एक लायसनवाला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर गाठला. साठीच्या पुढचे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी पार्किंगमधल्या जुन्या सॉकेटला मल्टिमीटर लावलं आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज, म्हणजे अर्थिंग नीट आहे का हे सांगणारा आकडा, बघून मान हलवली. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं, इथे विसाच्या घरात होतं. "ताई, या बिल्डिंगला अर्थिंग आहे, पण फक्त नकाशात." जिन्यामागचा जुना खड्डा त्यांनी उघडून दाखवला. पट्टी गंजून तुटलेली, चेंबरमध्ये माती आणि कुणीतरी टाकलेले विडीचे तुकडे. म्हणजे इतकी वर्षं चोवीस घरांतली वॉशिंग मशिनं देवाच्या भरवशावर चालली होती. ईव्हीच्या चार्जरला मात्र अर्थिंग नीट मिळालं नाही की तो लाल दिवा लावतो आणि वीज घ्यायला सरळ नकार देतो. नवा खड्डा, नवी तांब्याची पट्टी आणि रोध पाच ओहमच्या आत, एवढं झाल्याशिवाय चार्जर लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

केबलचं अंतर मोजलं तर चाळीस मीटरच्या वर भरलं. शोरूमच्या फ्री इन्स्टॉलेशनमध्ये सुरुवातीचे थोडेच मीटर येतात, पुढे मीटरमागे पैसे. ६ स्क्वेअर एमएम जाडीची केबल चालेल असं शोरूमवाले सांगत होते. काँट्रॅक्टरनी कागदावर मांडून दाखवलं: एवढ्या अंतरावर ३२ अँपिअरला सहाच्या केबलमध्ये नऊ-दहा व्होल्ट वाटेतच जातात, दहाच्या केबलमध्ये सहाच्या आत. जातात म्हणजे केबल गरम करण्यात जातात, आणि त्याचं बिल आपणच भरायचं. दहाची आर्मर्ड तांब्याची केबल महाग पडली, पण इथे काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी आठ-दहा वर्षांनी विकली जाईल, केबल तिथेच राहणार.

आता सोसायटी. पहिला घोळ पार्किंगच्या कागदाचा. जुन्या इमारतींत अनेकांकडे बिल्डरला पार्किंगचे पैसे दिल्याची पावती असते. पण स्टिल्ट पार्किंग वेगळं विकण्याचा अधिकार बिल्डरला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय, आणि वाटपाचा अधिकार सोसायटीचा. वाटपाच्या रजिस्टरमध्ये माझ्या जागेवर आधीच्या मालकांचं नाव निघालं. ते दुरुस्त करून घेतलं, तेव्हा अर्जाला इंडेक्स-२ (फ्लॅटच्या खरेदी नोंदणीचा उतारा) बरोबर वाटपाचं पत्र जोडता आलं.

कमिटीने विषय वार्षिक सर्वसाधारण सभेवर ढकलला. सहकारी सोसायट्यांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, त्यामुळे आमची नेहमीप्रमाणे सप्टेंबरच्या मध्यावर, ऐन पितृपक्षात. यजमान अशा सभांना शांतपणे सह्या करून घरी येणाऱ्यांपैकी आहेत, म्हणून मीच गेले. सोबत काँट्रॅक्टरना नेलं.

आगीचा मुद्दा पहिल्या मिनिटाला आला. २०२२ च्या उन्हाळ्यात जळत्या इलेक्ट्रिक स्कूटरचे जे व्हिडिओ फिरले, ते आमच्या ग्रुपवर अजून जिवंत आहेत. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेची मानकं कडक झाली, दुचाकींसाठी एआयएस-१५६ आणि मोटारींसाठी एआयएस-०३८ सुधारून डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, हे मी वाचून दाखवलं. आकडे ऐकून कोणाचंही समाधान झालं नाही. मग काँट्रॅक्टरनी पिशवीतून आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, काढला, बोटाने टेस्ट बटण दाखवलं आणि म्हणाले, "तीस मिलीअँपिअर जरी जमिनीकडे गळाले तरी हा पडतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी आहे?" तीन हात वर झाले. त्यानंतर पुढची बरीच चर्चा घराघरांतल्या वायरिंगवरच झाली, जे मला सोयीचंच होतं.

सगळ्यात चांगला प्रश्न विचारला तो पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी, जे या सगळ्याच्या विरोधात होते. "आज हिने लावला. उद्या दहा जणांनी लावला तर?" याला उडवाउडवीचं उत्तर नव्हतं. ७.२ किलोवॉटचे दहा चार्जर एकाच वेळी चालू झाले तर ७२ किलोवॉट होतात, आणि आमच्या इमारतीची मुख्य केबल त्या हिशोबाने टाकलेली नाही. राज्याच्या २०२१ च्या धोरणात नव्या निवासी इमारतींतल्या २० टक्के पार्किंगला चार्जिंगची तयारी ठेवायला सांगितलं होतं, जुन्यांनी आपापलं बघायचं. बऱ्याच वादानंतर ठराव झाला: छताखालून एक केबल ट्रे जाईल, त्यात पुढच्या चार केबलींची जागा राहील. अर्जदार स्वतःच्या खर्चाने, लायसनवाल्याकडून काम करेल. अर्थिंगचा नवा खड्डा मात्र सोसायटी करेल, कारण तो सगळ्यांचाच आहे. आणि माझ्याकडून पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. हमीपत्राचा मसुदा सेक्रेटरींनी लिहिला, त्यात भूकंपाचीसुद्धा जबाबदारी माझ्यावर होती. ते वाक्य काढून घेतलं.

वीज कंपनीचं काम त्यामानाने सरळ झालं. ऑनलाइन अर्ज, एनओसी, काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, जागेची पाहणी, कोटेशन, पैसे भरले, मीटर लागलं.

इकडे गाडीचा पत्ता नव्हता. जुलैमध्ये फोन केला की मुलगा चीनचं नाव सांगायचा. चीनने एप्रिल २०२५ मध्ये मोटारीतल्या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध आणले होते, बातमी खरीच होती. पण माझ्याच मॉडेलची पांढरी गाडी त्याच शोरूममधून डिलिव्हर होत होती आणि माझी निळी तेवढी चीनमध्ये अडकली होती, हे पटायला जरा जड गेलं. पुढे ३ सप्टेंबरला जीएसटीची घोषणा झाली: २२ तारखेपासून छोट्या पेट्रोल गाड्या २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर. इलेक्ट्रिकवर आधीपासून ५ टक्केच होता, त्यात काही बदल नाही. नातेवाइकांचे फोन सुरू झाले, "कॅन्सल कर, पेट्रोलची स्वस्त होतेय." आणि शोरूममध्ये माझ्यासारखीला विचारणारं कोणी उरलं नाही, सगळी फौज पेट्रोलच्या गर्दीत.

गंमत म्हणजे माझी गाडी पितृपक्षातच यार्डात येऊन उभी राहिली. त्या पंधरवड्यात कोणी डिलिव्हरी घेत नाही, त्यामुळे यार्ड भरलेलं आणि माणसं निवांत. याचा फायदा घेऊन मी चेसिस नंबर मिळाल्याबरोबर शहराबाहेरच्या यार्डात जाऊन पीडीआय, म्हणजे ताब्यात घेण्याआधीची गाडीची तपासणी, केलं. चिखल तुडवत, पण घाई न करता. गाडी कोणत्या महिन्यात बनली, टायरवर छापलेला तो बनल्याचा आठवडा, १२ व्होल्टची छोटी बॅटरी, आणि चार्जिंग पोर्ट. पोर्टला प्रत्यक्ष गन (चार्जरच्या केबलचं टोक) लावून गाडी चार्ज होते का ते मी बघायला लावलं. तिथला माणूस म्हणाला, असं कोणी विचारत नाही. विचारावं. दसऱ्याच्या दिवशी तीस गाड्या रांगेत असताना कोणी पोर्ट तपासून देत नाही.

बिलावर रोड टॅक्सपुढे शून्य होतं, नोंदणी शुल्कही नाही. ते केंद्राने ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीच्या वाहनांना माफ केलंय. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत. 'हँडलिंग' नावाची एक ओळ होती, तिचा खुलासा लेखी मागितल्यावर ती ओळ नाहीशी झाली.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याला, गाडी घरी आली. हिरवी पाटी, पांढरे आकडे, झेंडूची माळ. आईंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सीटची उंची त्यांना जमली. चार्जर मात्र नव्हता. गाडीचा इन्व्हॉइस झाल्याशिवाय चार्जरची रिक्वेस्ट सिस्टिममध्ये पडत नाही, आणि पडल्यावर ती एका वेगळ्याच एजन्सीकडे जाते, जिचा शोरूमशी संबंध फक्त फोन नंबरपुरता. दसऱ्याच्या सगळ्या गाड्यांचे चार्जर त्याच एजन्सीकडे तुंबलेले. तोवर मीटर, केबल, अर्थिंग, सगळं तयार होतं. काँट्रॅक्टरनी मीटरपासून आलेल्या लाइनवर तात्पुरता एक १५ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट बसवून दिला आणि गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर लावला. हिरवा दिवा लागला. चार्जर येईपर्यंत आम्ही त्यावरच होतो, आणि एकदाही अडलं नाही. फक्त त्या काळात ठाण्याला गेलो नाही.

एजन्सीचा मुलगा अखेर आला तेव्हा तो केबल ओढण्याच्या तयारीने आला होता. ट्रेमधली दहाची केबल, ४० अँपिअरचा ब्रेकर, आरसीसीबी आणि अर्थिंगचा रिपोर्ट बघून म्हणाला, "मॅडम, मला मग काय काम?" डबा भिंतीला लावला, गन जोडली, ॲपमध्ये नोंदणी केली. अर्ध्या तासात आटोपलं, चहाही अर्धाच प्यायला. निघताना त्याने फॉर्मवर 'जादा केबल' या रकान्यात मीटर लिहायला सुरुवात केली, ते मात्र थांबवलं.

दोन दिवसांनी शोरूमच्या मुलाचा फोन. कंपनीकडून सर्व्हेचा कॉल येईल, मॅडम, प्लीज दहापैकी दहा द्या, नऊसुद्धा आमच्याकडे फेल धरतात. मी आठ दिले. त्यानंतर त्याचा पुन्हा फोन आला, यावेळी मॅनेजरसकट.