लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, रोम: ट्रेन की विमान? तुम्ही विचारलंत म्हणून

उन्हाळा जवळ आला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच: आई-बाबांना घेऊन येतोय, लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, रोम असं ठरतंय, मधले प्रवास ट्रेनने करू की विमानाने, विमान तर तासाभराचंच आहे आणि स्वस्तही दिसतंय. मी जर्मनीत राहते, या गाड्यांनी बरीच फिरलेय, म्हणून एकदाच नीट लिहिते.

विमानाचा तो एक तास फक्त हवेतला असतो हो. हॉटेलमधून निघून एअरपोर्ट गाठायचा, दीड-दोन तास आधी पोचायचं, बॅगा टाकायच्या, सिक्युरिटीच्या रांगेत बाबांनी बेल्ट काढायचा, मग गेटपर्यंत चालत सुटायचं आणि उतरल्यावर परत बॅगांची वाट बघायची. त्यात ते स्वस्त तिकीट पॅरिसच्या नावाखाली बोव्हेचं निघालं तर तो एअरपोर्ट शहरापासून ऐंशी किलोमीटरच्याही पुढे आहे! ट्रेन मात्र गावाच्या मधूनच सुटते आणि मधेच सोडते. त्यामुळे माझा हिशोब सरळ आहे, ट्रेन चार-साडेचार तासांत पोचवत असेल तर विमान बघायचंच नाही.

आता तुमचा मार्ग. क्रम बदला, एवढं माझं ऐकाच. लंडनहून आधी ॲमस्टरडॅम करा, थेट युरोस्टार ही वेगवान ट्रेन आहे, साधारण चार तास. तिथून पॅरिस साडेतीन तासांच्या आत, पॅरिसहून झुरिक चार तासांच्या आसपास, झुरिकहून मिलान साडेतीनच्या आत आणि मिलान ते रोम तीन तास. पॅरिस आधी आणि ॲमस्टरडॅम नंतर केलंत की तिथून स्वित्झर्लंडला दिवसभराची ट्रेन पडते आणि मग विमान घ्यावंसं वाटणारच.

लंडनला सेंट पॅन्क्रस स्टेशनवरच, गाडीत बसण्याआधी, शेंगेनमध्ये (युरोपातल्या बहुतेक देशांचा एकच व्हिसा चालणारा भाग) शिरण्यासाठीची पासपोर्ट तपासणी होते, म्हणून तिथे वेळ हातात ठेवून जा. पॅरिसला एक गोष्ट लक्षात ठेवा, ॲमस्टरडॅमची गाडी गार द्यू नॉरला येते आणि झुरिकची गार द लिओंहून सुटते, स्टेशनं वेगळी आहेत.

ट्रेनच्या विरोधात खरा मुद्दा एकच आहे आणि तो सामानाचा. इथे हमाल नाहीत, डब्याला पायऱ्या असतात, मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, आणि सत्तरीच्या बाबांकडून अठ्ठावीस इंची बॅग चढवून घेणं मला तरी पटत नाही. माणशी एक मध्यम बॅग घ्या, जी आई स्वतः उचलू शकेल अशी, कपडे मधे कुठेतरी धुवून घेता येतात. डबा कुठे थांबणार ते प्लॅटफॉर्मच्या बोर्डवर ए, बी, सी अशा अक्षरांत येतं, आधीच तिथे जाऊन उभे राहा म्हणजे पळापळ होत नाही. बाकी ट्रेनमध्ये आई-बाबांना खरंच आराम असतो, पाय मोकळे करता येतात, टॉयलेटला कधीही जाता येतं, आणि युरोपातल्या युरोपात फिरताना डब्यातली ओली चटणी शंभर मिलिलिटरच्या वर आहे म्हणून कुणी काढून घेत नाही.

तिकिटं दोन-तीन महिने आधी काढा, ऐन वेळी भाव फार चढतात. युरेल पास (एकाच पासवर अनेक देशांतल्या ट्रेन) घेतला की सगळं झालं असं समजू नका, युरोस्टारला, फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाड्यांना वरून रिझर्व्हेशनचे पैसे लागतात. आणि जर्मनीतून गाडी बदलून जाणार असाल तर मधे चांगला तासभर ठेवा, २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या. रोज त्याच गाड्यांवर अवलंबून असलेल्या माणसांचं मला वाईट वाटतं, पण तुमचं प्लॅनिंग त्या हिशोबानेच करा.

विमान कुठे घ्यायचं? लिस्बन, अथेन्स, किंवा बार्सिलोनाहून रोम, तिथे ट्रेनचा हट्ट धरू नका, दिवस जातो.

आणि भारताचं परतीचं तिकीट रोमहून काढा, लंडनहून नको. येताना एका गावी उतरायचं आणि जाताना दुसऱ्या गावाहून निघायचं अशी तिकिटं सर्रास मिळतात, रोम ते लंडन हा उलटा प्रवासच वाचतो.