नळ स्टॉपचा दुसरा लाल दिवा

पुण्यात नळ स्टॉपला सिग्नल लाल झाला की आमच्या फियाटच्या डॅशबोर्डवरही एक लाल दिवा लागायचा. आधी मिणमिणता, पावसाळी संध्याकाळी वायपर, हेडलाइट दोन्ही चालू असले तर चांगला ठसठशीत. म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या डायनामोने हात टेकले, आता सगळं बॅटरीच्या पुंजीवर. बाबा लगेच हेडलाइट घालवत आणि गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर दाबून धरत. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटे, काकांना फार घाई आहे.

गाडी 1972 सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. इंजिन 1089 सीसी, घोडे चाळीसच्या आसपास आणि डायनामो अडीचशे वॅटच्या आतला. त्यातले निम्मे दोन हॅलोजन बल्बच खाणार. शिवाय डायनामो हा पळतीचा कमावता. इंजिन संथ झालं की त्याचं व्होल्टेज बॅटरीच्या खाली घसरतं आणि कटआउट नावाचा आपोआप चालणारा स्विच त्याला बॅटरीपासून तोडतो; नाहीतर बॅटरीच उलट त्याला पोसत बसेल. त्यात त्याची तरी काय चूक? तो घडवला तेव्हा कर्वे रस्त्यावर गाड्या चालत असत.

दोनदा ऐन चौकात धक्का मारावा लागल्यावर बाबा अल्टरनेटरला तयार झाले. हाही वीजच बनवतो, पण इंजिन संथ असतानाही पुरेशी. मिस्त्रींनी नाना पेठेतून कुठल्याशा मारुतीचा जुना, 45 अँपिअरचा आणला.

"एवढा मोठा? वायरिंग जळेल की!"

"काका, टाकी मोठी म्हणून नळ फुटतो का? मागाल तेवढंच देतो हा."

हे खरं, पण पूर्ण नाही. उतरलेली बॅटरी अधाशासारखी मागते. म्हणून मिस्त्रींनीच मुकाट्याने अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर ओढली.

खरी मारामारी जागेची. डायनामो दुधीभोपळ्यासारखा लांबुडका, तर हा आखूड आणि गरगरीत. जुन्या ब्रॅकेटवर बसेना. बसवला तर पुली बाकीच्या दोन पुल्यांच्या रेषेत येईना. मिस्त्रींनी लोखंडी पट्टी आडवी लावली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "चार एमएम." वॉशर भरून भागण्यातलं हे काम नव्हतं. वाकड्या ओढीने बेल्ट आठवड्यात चिंध्या होऊन येतो. टर्नरकडून बुश, म्हणजे मधे घालायची धातूची नळी, कातून आणला, पुलीचं भोक वाढवून घेतलं, त्यात अख्खा शनिवार गेला. शेवटी बेल्ट चढवला. अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबला. जमलं.

गाडी चालू केली. चार्जिंग शून्य!

वायरी तपासल्या, शिव्या घालून झाल्या, पुन्हा वायरी तपासल्या. दोष निघाला त्या लाल दिव्यात. बल्ब गेला होता, एवढंच. डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मुरलेलं असतं, त्यावर तो आपला आपण जागा होतो. अल्टरनेटरला मात्र पहिली ठिणगी हवी, आणि ती येते या दिव्यातून जाणाऱ्या चिमूटभर करंटवर. इतकी वर्षं ज्याला आम्ही नुसता चुगलखोर समजत होतो, तोच आता गुरवासारखा पहाटे देव उठवणार होता. दोन वॅटचा नवा बल्ब लावला. किल्ली फिरवली, दिवा लागला; इंजिन सुरू झालं, दिवा विझला. मीटरवर 14 व्होल्ट.

त्याच संध्याकाळी नळ स्टॉप. वायपर चालू, हेडलाइट चालू, फोनही चार्जिंगला. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवरून बाजूला. दिवा लागला नाही.

बाबा बराच वेळ डॅशबोर्डकडे बघत राहिले.

"बल्ब परत गेला नसेल ना रे?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी इंजिन बंद करून किल्ली पुन्हा फिरवली. दिवा लख्ख लागला. सिग्नलही तेव्हाच हिरवा झाला, आणि मागून हॉर्न सुरू झाले.