सीतेच्या दंडावरची रेघ

जुन्या फिल्मचं स्कॅन झालेलं फुटेज कॉम्प्युटरवर एकेक फ्रेम घेऊन साफ करायचं, हे माझं काम. धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग काढायचे. मूकपटात सेकंदाला साधारण 16 फ्रेम धरल्या तरी एका मिनिटाच्या जवळपास हजार होतात, म्हणजे बसा दिवसभर.

त्या दिवशी माझ्याकडे 1917 च्या 'लंकादहन'चा तुकडा होता. दादासाहेब फाळक्यांचा सिनेमा, पूर्ण हाती राहिलेला नाही, थोडासा भाग वाचलाय. अशोकवनातली सीता. तिच्या दंडावर एक गडद तिरकी रेघ होती, मी ती ओरखडा समजून पुसत सुटले, दोन तास तेच. मग म्हटलं एकदा चालवून बघू, तर हात मेणाचा केल्यासारखा गुळगुळीत दिसायला लागला आणि मला कसंतरीच झालं.

मूळ स्कॅन उघडून शेजारी लावलं. आता धुळीचा कण एका फ्रेममध्ये असतो, पुढच्यात गायब. फिल्म मशीनमधून जाताना पडलेला ओरखडा बहुतेक उभा असतो आणि माणूस हलला तरी तो आपल्या जागीच राहतो. पण ही रेघ हाताबरोबर वर जात होती, कोपर वाकलं की ठळक होत होती. ओरखडा नव्हताच तो, पुरुषाच्या दंडाचा स्नायू होता!

कारण ही सीता म्हणजे अण्णा साळुंके. आणि याच सिनेमात रामही तेच, दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्यात. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं, पण समोर दिसत असून मीच ते पुसत होते.

साळुंके मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला होते, महिना 10 रुपये पगार. 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला कुणी बाई तयार होईना, सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू गेली असा तो काळ. फाळक्यांनी या नाजूक बांध्याच्या पोराला हेरलं आणि 15 रुपयांवर घेऊन आले. मिशी काढायची वेळ आली तेव्हा आधी वडिलांची परवानगी आणली म्हणे, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही अशी रीत. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांनी पाहिलेली तारामती ती ही. पुढे त्यांनी कॅमेराही चालवला, आणि 1931 मध्ये बोलपट आला तेव्हा अभिनेत्यांची ही पिढी मागे पडत गेली. आज त्यांचं नाव किती जणांना माहितीये? मला याचं फार वाईट वाटतं, हिरोही तेच, हिरॉईनही तेच आणि नाव कुणाच्या तोंडी नाही.

पुसलेल्या सगळ्या फ्रेम मी परत मूळ केल्या. मग सरांना बोलावलं. ते खुर्ची ओढून बसले, तेवढाच तुकडा तीनदा चालवायला लावला. हात वर जातो, रेघ उमटते, हात खाली येतो, रेघ विरते.

"याला हात लावू नकोस," एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आजूबाजूची धूळ तेवढी काढली.