रोहना बोटीवरचे दोन मामा आणि बार्देशातली सिमितेर

आईचे दोन मामा, म्हणजे आजीचा सख्खा भाऊ आणि एक चुलतभाऊ, दुसऱ्या महायुद्धात बोटीवर बॉम्ब पडून गेले, एवढंच आमच्या घरात सांगितलं जायचं. त्याला जोडून दुसरं वाक्य असायचं, ‘त्यांना गावच्या सिमितेरीत ठेवलंय.’ भर समुद्रात बुडालेल्या बोटीवरची माणसं गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, कशी आली, हे विचारायची पद्धत नव्हती. मावशी आता ऐंशीच्या घरात आहे. ती आजोळी वाढली आणि गोवा मुक्तीच्या आधी गावच्या शाळेत पोर्तुगीज शिकली. तिच्याकडून चर्चचे आणि कचेरीतले जुने पोर्तुगीज कागद वाचून घ्यायचे असतील तर आताच, म्हणून आम्ही दोघी सावंतवाडीहून निघालो.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. त्या काळी इंग्रजांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि सारंग असायचे, तर जेवणघर आणि केबिनी सांभाळायला गोंयकार, म्हणजे गोव्याचे लोक. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घरी ‘आजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ अशी गोष्ट आहे, त्यांना यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

गोव्याची बस पकडायच्या आधी घरी बसून एक काम करा: बोटीचं नाव शोधा. माणसाच्या नावावरून सुरुवात केली तर हजार फर्नांडिस आणि हजार डिसोझा निघतात. आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत मॅकिनन मॅकेन्झी या एजंटांचा एक लिफाफा होता, पत्र गायब. लिफाफ्याच्या मागे आजीने पेन्सिलीने ‘रोहना’ लिहून ठेवलं होतं. मॅकिनन मॅकेन्झी म्हणजे ब्रिटिश इंडिया कंपनीचे एजंट, आणि रोहना ही त्याच कंपनीची बोट. तेवढ्यावर सगळं उलगडलं.

रोहना युद्धात सैनिक वाहायला घेतली होती. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानाने तिच्यावर रेडिओने दिशा देता येणारा बॉम्ब सोडला. ११३८ माणसं गेली, त्यांतले १०१५ अमेरिकन सैनिक. उरलेल्यांत बहुतेक बोटीवरचे आपले लोक. नवीन हत्यार इतकं परिणामकारक ठरलं हे शत्रूला कळू नये म्हणून बातमी दाबली गेली. त्यामुळे घरच्यांना ‘समुद्रात गेले’ यापलीकडे काही कळलं नाही. ताफा सुएझच्या दिशेने चालला होता आणि बोटीवरचे अमेरिकन सैनिक हिंदुस्थानाकडेच यायचे होते. म्हणजे आमचे मामा घराच्या वाटेवर होते. मावशीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली, मग म्हणाली, “माईक हें कळूंक ना तें बरें.” माई म्हणजे माझी आजी.

बोट आणि तारीख हाती आली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर नाव शोधता येतं, फुकट. आडनाव टाकू नका किंवा अर्धंच टाका. तारीख द्या आणि ‘मर्चंट नेव्ही’ निवडा. डिसोझाची स्पेलिंगं चार-पाच तऱ्हांची मिळतात, आणि इंग्रज कारकुनाने कोकणी नाव ऐकून काय लिहिलं असेल याचा नेम नाही. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यांच्या यादीत येतात, म्हणजे जखमी होऊन नंतर वारलेलेही सापडू शकतात. सख्ख्या मामांचं नाव लगेच मिळालं, चुलत मामांचं नाही. ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही अशा हिंदी व्यापारी बोटींवरच्या जवळपास ६००० आणि रॉयल इंडियन नेव्हीच्या ४०० हून अधिक जणांची नावं मुंबईच्या स्मारकाच्या वहीत आहेत, आणि तशीच वही चितगावला. मामांच्या नावापुढे तेच स्मारक लिहिलेलं होतं. मग सिमितेरीत कोण होतं?

थिवीपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस घेता येते, पण सोबत म्हातारं माणूस असेल तर बांदा-पत्रादेवीवरून थेट म्हापशाची बस बरी, चढउतार कमी. शुक्रवार मात्र टाळा. त्या दिवशी म्हापशाचा बाजार असतो आणि रिक्षावाला तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. गावाचं नाव मी इथे देत नाही, कारण तिथल्या फादरनी तशी विनंती केली आहे आणि ती रास्त आहे. वह्या दाखवण्याइतकी माणसं त्यांच्याकडे नाहीत.

आता सिमितेरीचं. गोव्यातल्या सिमितेरीत जुनं थडगं शोधायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधी पचवलेली बरी. जागा कमी, त्यामुळे साधं थडगं साधारण तीनेक वर्षांनी पुन्हा उघडतात आणि तिथे दुसऱ्याला ठेवतात. आधीची हाडं घरच्यांनी विकत घेतलेल्या भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे कोनाड्यात, जातात, नाहीतर सगळ्यांच्या एकत्र खड्ड्यात. कायमची थडगी मोजक्या घराण्यांची. म्हणजे १९४३ चा माणूस गावातच आजारपणाने वारला असता, तरी आज त्याची मातीतली जागा दाखवता येईलच असं नाही. शोधायचं ते भिंतीवर.

आम्हाला ती निश सापडली, मागच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर. संगमरवराची फरशी फूटभर रुंद, शेवाळाने काळी पडलेली. मी ब्रश काढला तर मावशीने हात धरला, आणि तिचं बरोबर होतं. जुना संगमरवर घासला की अक्षरंच जातात. नुसतं ओलं फडकं फिरवायचं आणि मोबाईलचा टॉर्च समोरून न धरता अगदी कडेने धरायचा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि न दिसणारं वाचता येतं. वर पणजीचं नाव, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष, १९५७. खाली बारीक अक्षरांत, वेगळ्या हाताने कोरलेलं, मुलाचं नाव, ‘१९४३’ आणि ‘समुद्रात’. आत हाडं पणजीची. मुलाला थडगं मिळालं नाही म्हणून त्याचं नाव आईच्या दगडावर चढवलं. मावशी लहानपणापासून २ नोव्हेंबरला तिथे फुलं ठेवत आली होती. खालची ओळ तिने कधी वाचली नव्हती, कारण ती फुलांच्या मागे जायची. चुलत मामांचं नाव तिथेही नव्हतं.

चर्चच्या मृत्यूच्या वहीत १९४३ आणि १९४४ ची पानं पाहिली, मामांची नोंद कुठेच नाही. गावात पुरलेल्यांचीच ती वही, त्यामुळे नवल नाही. फादर उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मावशीने विचारलं, “कोंफ्रारीयेची वही आसा?” हा प्रश्न लक्षात ठेवा. कोंफ्रारीया म्हणजे चर्चमधली बंधुमंडळी. वर्गणी भरलेला सभासद वारला की त्याच्या आत्म्यासाठी ठरलेल्या मिसा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, म्हणवून घेणं हे मंडळीचं देणं, मग तो घरी मरो की परदेशी. आणि मिसांना पैसे लागतात, म्हणून जमाखर्चात नोंद होतेच. कसरीने खाल्लेल्या त्या लांबट वहीत १९४४ च्या खर्चाच्या बाजूला दोन्ही मामा एकाखाली एक होते. तपकिरी शाई, दोघांच्या पुढे एकच महिरपी कंस, कंसापुढे बोटीचं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगने. चुलत मामांचं आडनाव बघून कोडं सुटलं. घरात आम्ही त्यांना ज्या आडनावाने ओळखायचो ते आजोळचं होतं, कागदावरचं वेगळं. त्या नावाने पुन्हा शोधलं तर कमिशनच्या यादीत तेही निघाले, एका अक्षराच्या फरकाने.

वही बघायला जाताना फोन करून जा, रविवार सोडून. मिसांच्या दिवशी कुणालाही वेळ नसतो. फोटो काढायचा आग्रह धरू नका. आम्हाला फादरनी उतारा स्वतःच्या हाताने लिहून, सही-शिक्का मारून दिला. तो मोबाईलमधल्या फोटोपेक्षा कुठेही जास्त चालतो. चर्चच्या पेटीत काही टाकायचं असेल तर निघताना टाका, आधी नको.

म्हापशाच्या नागरी निबंधक कार्यालयात आमच्या आधी रांगेत असलेले सगळे पोर्तुगीज पासपोर्टवाले. खिडकीवरच्या बाबांनी वर न बघता विचारलं, “पुर्तुगालाक वचपाक?” म्हणजे पोर्तुगालला जायला का? मावशी म्हणाली, “ना रे पुता, मरणाची नोंद जाय,” म्हणजे हवी. मग त्यांनी वर बघितलं. गोव्यात जन्म-मृत्यूची नागरी नोंद १९१४ पासून सर्वांना लागू आहे. त्यामुळे हिंदू घरांनाही हा रस्ता खुला आहे, आणि स्मशानात दगड नसतो तेव्हा हाच कागद उरतो. दाखला मागताना ‘तेओर’ मागा, म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण नक्कल मिळते, आईबापांच्या नावांसकट. साध्या दाखल्यात निम्मी माहिती गळते. बाहेर एजंट घोटाळतात. ते जी रक्कम सांगतात तिचा आणि खिडकीवरच्या शुल्काचा काही संबंध नसतो. मामांची मृत्यूनोंद तिथे निघाली नाही, परदेशी बोटीवरचा मृत्यू घरच्यांनी कळवलाच नसणार. जन्माच्या नोंदी मात्र दोघांच्या मिळाल्या, आणि नातं सिद्ध करायला त्याच लागतात. १९१४ च्या मागचं हवं असेल तर पणजी शहरातलं पुराभिलेख खातं गाठावं लागेल. अनेक चर्चच्या जुन्या वह्या तिथे जमा आहेत. ओळखपत्र न्या आणि साल नेमकं सांगा. ‘आजोबांच्या काळातलं’ असं सांगून कुणी वही काढून देत नाही.

मुंबईतल्या धोबी तलावच्या कुडींचंही, म्हणजे गोव्याच्या गावागावांनी चालवलेल्या राहायच्या जागांचंही, सांगायला हवं. मुंबईत उतरलेला तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, आपल्या गावाच्या कुडीत राहायचा आणि बोट धरताना पेटी तिथेच ठेवून जायचा. काही कुडींत जुन्या सभासदांच्या वह्या आहेत. एकाच गावचे दोघे एकाच बोटीवर का चढले, याचं उत्तरही बहुधा तिथेच. आमच्या गावची कूड अजून चालू आहे, पण जिन्याचे मजले बघून मावशीने मला एकटीला जायला सांगितलंय. त्याच फेरीत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्येही जायचं आहे. तिथे गेलात तर एक सांभाळा. तिथलं भिंतीवरचं स्मारक पहिल्या महायुद्धाचं आहे. दुसऱ्या महायुद्धाची नावं वहीत आहेत, आणि ती मागून घ्यावी लागते. ती इमारत खलाशांच्या राहण्याची आहे, तेव्हा आधी विचारून गेलेलं बरं.

चुलत मामांच्या आडनावातलं ते एक अक्षर दुरुस्त करायचा अर्ज कमिशनकडे पाठवला आहे. पुराव्यासह अर्ज केला तर ते नोंद तपासतात. तेओर, कोंफ्रारीयेच्या वहीचा उतारा आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर जोडलंय. निशच्या फरशीवर त्यांचं नाव घालायला चर्चच्या फाबरीकेची, म्हणजे चर्चची मालमत्ता बघणाऱ्या मंडळाची, परवानगी लागते. फादर म्हणाले, ऑक्टोबरात या, तेव्हा भिंतींना चुना लावायला आणि दगड बसवायला गवंडी येतातच.