‘मी जातो’चं रूप सापडेना

जुन्या फ्रेंच पुस्तकांचं मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा धंदा. स्कॅन केलेलं पान मशीन वाचतं आणि त्याने काय दिवे लावलेत ते मी तपासते. सतराव्या शतकातल्या छपाईत एक लांबुडका ‘स’ असतो, तो हुबेहूब ‘फ’सारखा दिसतो, फरक इतकाच, की मधली आडवी रेघ एकाच बाजूला असते, कधीकधी तीही नसते. मशीन त्याला बेधडक ‘फ’ ठरवून मोकळं होतं. त्यामुळे माझा निम्मा दिवस ‘फ’चे ‘स’ करण्यात जातो.

एका परदेशी विद्यापीठासाठी दक्षिण अमेरिकेतल्या भाषांच्या जुन्या शब्दयाद्या आमच्या पुण्यातल्या छोट्या गटाकडे आल्या होत्या. त्या दिवशी माझ्या वाट्याला आंत्वान बिए नावाच्या पाद्रीबाबांचं पुस्तक आलं. पॅरिस, १६६४. फ्रेंचांनी १६५२ मध्ये कायेनला, म्हणजे आजच्या फ्रेंच गयानात, वसाहत करायला जहाजं पाठवली, त्यांबरोबर हे गेले होते. मोहीम पहिल्यापासूनच पनवती होती. तिचा एक पुढारी पॅरिसहून निघतानाच सेन नदीत बुडाला. दुसऱ्याला त्याच्याच साथीदारांनी भर समुद्रात भोसकून पाण्यात टाकलं. पुढे उपासमार, आपसातली भांडणं आणि स्थानिक गालिबी लोकांशी लढाई. दीड वर्षाच्या आतच सगळा गाशा गुंडाळावा लागला. एवढ्या धामधुमीत या माणसाने गालिबी भाषेची शब्दयादी केली आणि ती जपून परत आणली, याचं मला अजून नवल वाटतं.

या काळातल्या गालिबी याद्यांची सुरुवातीला मजा येते. ‘विवी’ म्हणजे कुऱ्हाड, ‘मारिया’ म्हणजे सुरी, ‘कासुरू’ म्हणजे काचेचे मणी. कोण कोणाला काय विकत होतं ते लगेच कळतं. बंदुकीला ‘अराकाबुसा’, हा शब्द स्पॅनिश लोकांकडून आलेला, म्हणजे फ्रेंच पोचण्याआधीच बंदूक आणि तिचं नाव दोन्ही तिथे मुरलं होतं. ‘बानारे’ म्हणजे मित्र, पण ज्याच्याशी देवघेव चालते असा मित्र.

मग क्रियापदं आली. मशीनने ‘निफ्फान’ वाचलं होतं, ते मी ‘निस्सान’ केलं: जाणे. आमच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक शब्दासमोर आजच्या भाषेतलं रूप लिहायचं असतं. गालिबींची भाषा मेलेली नाही. करिन्या या नावाने ती व्हेनेझुएलापासून फ्रेंच गयानापर्यंत आजही बोलली जाते. त्यासाठी बेरेंड हॉफ यांचं १९६८ सालचं व्याकरण शेजारी उघडं होतंच. त्यात पाहिलं, तर मी जातो ‘वीसा’, तू जातोस ‘मीसा’, तो जातो ‘नीसान’. कर्ता कोण, हे शब्दाच्या पहिल्याच अक्षरात. बिएंच्या काळच्या फ्रेंच नोंदींत मात्र ‘आऊ निस्सान’, ‘आमोरे निस्सान’. ‘आऊ’ म्हणजे मी, ‘आमोरे’ म्हणजे तू. क्रियापद तिन्हीकडे तेच, तृतीयपुरुषी, जागचं हलत नाही. ‘आला’, ‘मेला’ यांचीही तीच गत. आणि ‘पाहणे’ला ‘सेने’, म्हणजे ‘मी ते पाहतो’मधलं रूप, इथे प्रथमपुरुष गोठलेला.

समोरच्या टेबलावर आमचे प्रकल्पप्रमुख बसतात. फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले, अतिशय सावध गृहस्थ.

‘‘सर, याला करिन्याचा भाषा-कोड देऊ नये असं वाटतंय.’’

‘‘का? मुखपृष्ठावर गालिबी लिहिलंय ना?’’

‘‘लिहिलंय, पण क्रियापदं चालतच नाहीयेत. मी जातोचं रूपच नाही.’’

‘‘अगं, पाद्री तो. वर्ष-दीड वर्षात किती शिकणार? चुकला असेल.’’

हे मलाही आधी पटलं. मग पॉल बोआये यांची यादी उघडली. हे बिएंच्या आधी, १६४३च्या मोहिमेत कायेनला गेले होते. त्यांचं पुस्तक १६५४चं. तिथेही तेच सांगाडे. वेगवेगळे लोक वेगवेगळ्या वेळी गेले, आणि नेमके तेच चुकले? ‘‘चूक असती तर प्रत्येकाची वेगळी झाली असती, सर,’’ मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘‘आमची आई भाजीवाल्याशी बोलायची तसं आहे हे. हम जाता है, तुम जाता है, वो जाता है. भाजीवालाही तिच्याशी तसंच बोलायचा. आपल्या घरी तो तसं थोडंच बोलत असणार!’’

नेमकं हेच. भाषाशास्त्रज्ञ डग्लस टेलर आणि हॉफ यांनी १९८० साली एका लेखात अशीच मांडणी केली आहे: गयानाच्या किनाऱ्यावर करिन्याची एक सोपी, घासूनपुसून केलेली बाजारबोली होती, परक्यांशी व्यवहार करण्यापुरती. आणि हे परके म्हणजे युरोपियनच असं नाही. किनाऱ्यावरच्या इतर जमातींशीही तीच चालत असावी असं त्यांना वाटतं. फ्रेंच आले, त्यांनाही तीच मिळाली. मला यातली गालिबींची बाजू फार आवडते. दाराशी आलेल्या पाहुण्याला त्यांनी पाहुण्यापुरती भाषा दिली, आणि पाहुण्याने तीच त्यांची भाषा म्हणून पॅरिसला छापली. नुसती ती यादी वाचून कोणी म्हणालं असतं, की या लोकांना साधं व्याकरणही नाही. हॉफ यांच्या पुस्तकातले उपसर्गांचे तक्ते पाहिले की घाम फुटतो.

पुरावा किनाऱ्यावरच थांबत नाही. डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट या बेटांवरच्या कॅरिब लोकांची भाषा मुळात वेगळ्याच, अरावाक कुळातली. पण तिथले पुरुष या बाजारबोलीतले शब्द वापरत आणि बायका अरावाक शब्द. डॉमिनिकात राहिलेल्या रेमों ब्रतों या मिशनऱ्याने १६६५च्या कोशात ते वेगळे नोंदवलेत. १७९७ मध्ये इंग्रजांनी सेंट व्हिन्सेंटवरून ज्यांना होंडुरासच्या किनाऱ्याजवळ नेऊन सोडलं, त्या गारिफुना लोकांच्या भाषेत ‘मी’साठी पुरुषी शब्द ‘आऊ’ आणि बायकी ‘नुगुया’. तोच ‘आऊ’, जो बिएंच्या काळच्या यादीत ‘निस्सान’च्या आधी उभा आहे. बाजारबोली केव्हाच संपली.

आमच्या ड्रॉपडाउनमध्ये अर्थातच तिला जागा नव्हती. मी कोडचा रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्यात दोन परिच्छेद लिहिले. ‘‘शेऱ्याचे पैसे मिळत नाहीत बरं का,’’ सरांनी आठवण करून दिली, आणि स्वतःच त्यात बोआयेंच्या यादीतली उदाहरणं घातली.

विद्यापीठाचं उत्तर आलं ते कामात भर घालणारं. वेगळं लेबल मंजूर; मात्र आधी पाठवलेल्या सगळ्या गालिबी याद्या परत उघडाव्यात आणि प्रत्येक क्रियापदाला गोठलेला उपसर्ग कोणता ते लिहावं. सरांनी मेल वाचली आणि ब्रतोंचा कोश माझ्या नावावर टाकला.

‘‘यात बायकांचे शब्द आणि पुरुषांचे शब्द, असे दोन रकाने लागतील,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्या रकान्याचा दर काय, ते आधी लेखी मागून घे.’’