माझ्याकडे अजून चेंडू पडायचाय

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

पहाटे अडीचला घरी आले, गरम पाण्याने आंघोळ केली, पडून पाहिलं. झोप नाही. घसा पार बसलाय. ऑफिसला रजा टाकली आहे. हे आत्ताच लिहून ठेवायचंय, कारण आज दुपारी मी हायलाइट्स लावणार हे नक्की, आणि एकदा ते पाहिले की कॅमेऱ्याने दाखवलेलं तेवढं डोक्यात राहील, मी पाहिलेलं पुसलं जाईल.

काल नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून. वाक्य लिहिलं आणि पुन्हा दोनदा वाचलं.

मॅच तीनची होती, पावसाने पाचला सुरू झाली. एकही षटक कमी झालं नाही. ते दोन तास लेक आणि मी भिजत बसलो होतो. मैदानावरची माणसं कव्हर्स ओढत होती, त्यावरचं पाणी काढत होती, परत सर आली की पुन्हा धावत होती. टीव्हीवर या वेळात जाहिराती आणि जुन्या मॅचेस लागतात. इथे मात्र कव्हरचा एक कोपरा उचलला तरी अख्खा स्टँड ओरडायचा.

मग शफाली आणि स्मृती उतरल्या. आमची जागा वरच्या स्टँडमध्ये, बऱ्यापैकी लांब. शफालीने पहिला खणखणीत फटका मारला तेव्हा चेंडू बॅटवरून निघालेला आधी दिसला आणि टक्क असा आवाज त्यानंतर आला. अगदी क्षणभरानेच, पण नंतर. टीव्हीवर दोन्ही एकदम येतं, त्यामुळे हे कधी जाणवतच नाही. मी लेकीला म्हटलं, डोळे मिटून ऐक बरं. तर म्हणाली, "आई, डोळे मिटायला आलोय का आपण?"

खरंय तिचं.

सांगलीला माझी आई एकटी टीव्हीसमोर बसली होती, मांडीवर वही. रेडिओवर कॉमेंट्री ऐकायच्या काळापासून ती स्कोअर लिहिते. विकेट कितीवर पडली, कोणाची, कोणी घेतली, सगळं बारीक अक्षरात. २३ जुलै २०१७ ला लॉर्ड्सवरची, मिताली-झूलनच्या संघाची इंग्लंडविरुद्धची वर्ल्ड कप फायनल मी तिच्या शेजारी बसून पाहिली होती. स्मृती आमच्या सांगलीची पोर, ती शून्यावर बोल्ड झाली. तरी पूनम राऊत ८६ पर्यंत पोचली होती, २२९ हवे होते, आपण ३ बाद १९१. आणि तिथून २१९ वर सगळ्या बाद. ९ धावा कमी पडल्या. त्या पानावर शेवटची विकेट लिहिलेलीच नाही. आईने पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि कुकर लावायला उठली. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

त्यामुळे काल तिच्याजवळ असावं की मैदानावर जावं, हे माझं गुरुवारपासून चाललं होतं. गुरुवारी सेमी फायनल घरी पाहिली. ऑस्ट्रेलियाच्या ३३८. जेमिमा ८२ वर असताना हिलीने झेल सोडला तेव्हा मी उशी तोंडावर धरली होती. टीव्हीचा उपकार असा, की तिचा चेहरा जवळून दिसला. पन्नास झाले, शंभर झाले, तिने बॅट उंचावून मिरवलं नाही. घामाने आणि चिखलाने माखलेली, स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती. १२७ नाबाद. ते पुटपुटणं मला स्टँडमधून कधीच दिसलं नसतं. रात्री आईला फोन केला तर तिनेच निकाल लावला: "तू जा गं, पोरीला घेऊन जा. इथे मी आहे बघायला."

काल स्मृती ४५ वर गेली तेव्हा पहिला फोन केला. त्या गर्दीत लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागला. शफालीसोबत १०४ ची सलामी झाली होती. आई एवढंच म्हणाली, "झालं की शून्याचं निस्तरून." शफाली ८७, दीप्ती ५८, रिचाचे फटके, आणि ७ बाद २९८.

दुसऱ्या डावात भानगड कळली. मी फोन चालू ठेवला होता आणि अमनजोतची थेट फेक लागून ब्रिट्स रनआऊट झाली, आम्ही सगळे उभे. पलीकडून आई, "काय झालं? काय झालं?" तिच्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावत यायची होती! चांगले सहा-सात सेकंद मागे. मी सांगणार तेवढ्यात म्हणाली, "थांब, सांगू नकोस. माझ्याकडे अजून चेंडू पडायचाय." तेव्हापासून तोच नियम. विकेट पडली की मी गप्प राहायचं, तिने बघायचं, लिहायचं, मग दोघींनी बोलायचं.

त्यांची कर्णधार वूल्व्हार्ट मात्र हलत नव्हती. मला तिच्याबद्दल मनापासून आदर वाटला, फायनलमध्ये समोरून एवढ्या विकेट पडताना शतक करणं खायचं काम नाही. आपली कर्णधार हरमनने शफालीच्या हातात चेंडू दिला आणि तिने पाठोपाठ दोन काढल्या, लूस आणि काप. जी मुलगी स्पर्धेच्या सुरुवातीला संघातच नव्हती, प्रतीका जखमी झाली म्हणून बोलावली, ती! पण वूल्व्हार्ट होती तोवर आमच्या आजूबाजूला कोणी नीट टेकून बसलं नव्हतं. १०१ वर तिने दीप्तीला उंच मारला. मला दिसलं ते फक्त अमनजोतचं धावणं आणि मग तिचं पडणं. झेल की नाही? सगळ्यांच्या माना मोठ्या पडद्याकडे. आईने फोनवर सांगितलं, "सुटला... सुटला... अगं, धरला!" तीनदा हातात खेळला होता चेंडू. मी मैदानात बसून तो झेल आईच्या तोंडून पाहिला.

मधल्या वेळात मी आपल्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदारांना शोधत होते. सीमारेषेपलीकडे लांबून माणूस ओळखणं अवघड, पण बाबांमुळे हे नाव आमच्या घरात फार. १९८८ मध्ये सचिन-विनोदने ६६४ ची भागीदारी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. पुढे रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताची कॅप कधीच नाही. बाबा याबद्दल शेवटपर्यंत चिडायचे. काल बाबा हवे होते.

शेवटच्या विकेटला मध्यरात्र झाली होती. डी क्लर्कने मारला, हरमन पाठमोरी धावत सुटली, हात वर. आणि मग आवाज असा, की तो कानांनी नाही, छातीने ऐकला. लेक माझ्या गळ्यात पडून रडत होती. फोन कानाला तसाच.

"सांगू नकोस," आई म्हणाली.

तो आवाज तिला ऐकू गेलाच असणार. तरी मी ओठ मिटून धरले. पाच, सहा. मग पलीकडून आईचा आवाज, लिहिताना मोठ्याने वाचते तसा, "डी क्लर्क, झेल हरमनप्रीत, गोलंदाज दीप्ती. दोनशे सेहेचाळीस." जरा वेळाने, "दीप्तीला पाच झाल्या गं."

नंतर बराच वेळ आम्ही निघालो नाही. मैदानावर गर्दी झाली होती, कोण कोणाला मिठी मारतंय कळत नव्हतं. कप आमच्यापासून दूर कोणाच्या तरी हातात चमकत होता. मी आईला विचारलं, कोणाकडे आहे?

"झूलनकडे दिलाय. रडतेय ती. मितालीपण आहे," आई म्हणाली. "बोलू नकोस आता, मला बघू दे. मी सांगते तुला."

आणि ती सांगत राहिली.